ठोक्याची पाठ

आत्या : अगं, आधी बूट तरी काढ. दारात उभी राहूनच बापाशी भांडायला लागलीस?

लेक : बूट काढायला वेळ नाही, आत्या. बाबा, औषधं आणि दोन कपडे पिशवीत टाका. आत्या, तूही. गाडी खाली वळणावर उभी केलीय.

बाबा : वळणावर? गल्लीत का नाही आणलीस?

लेक : गल्लीत आणायची भीती वाटली.

बाबा : ऐकलंस, अक्का? जन्म गेला माझा इथं. कच्चं शिसं भरून ट्रक जायचे या गल्लीतून, सहा-सहा चाकांचे. तेव्हा काही झालं नाही. आता हिच्या काडेपेटीएवढ्या गाडीनं डोंगर खाली बसणार.

आत्या : तू गप रे. पोरीचा चेहरा बघ, पांढरा पडलाय. बस गं. पाणी पी. आणि नीट सांग, नोकरीवरून काढलं की काय तुला?

लेक : आत्या, थट्टा नको ना. काल आमच्या भूगर्भ खात्याची माणसं घरोघर फिरून गेली. जमीन धोक्याची आहे, खाली शाळेत राहायची सोय केलीय, चला म्हणाली. एका घरानं तरी गाठोडं बांधलं का?

बाबा : नाही बांधलं.

लेक : सगळ्या गल्लीचं एकच उत्तर. ठोक्यामामा सांगतील तेव्हा निघू.

बाबा : मग त्यात चुकीचं काय बोलले? पाळी खाणीत उतरायच्या आधी मी उतरायचो. काठीनं छत ठोकून बघायचो. खणखणीत वाजलं तर माणसं आत, बद्द वाजलं तर माघारी. माझ्या पाळीत कुणाच्या डोक्यावर खडा पडला नाही. आणि ही माणसं कालपरवा नोकरीला लागलेली, हातात पत्रकं घेऊन येतात आणि मला सांगतात, आजोबा, तुमच्या घराखाली खाण आहे. जशी काय मला बातमीच दिली.

आत्या : त्यातल्या एकानं तर याला विचारलं, आजोबा, तुम्ही काय करता? म्हणाला, मी ठोकतो. तो बिचारा दोन पावलं मागं सरकला.

लेक : बाबा, तुम्ही अजून रोज सकाळी फेरी मारता ना गल्लीत?

बाबा : मारतो की. विहिरीपासून सुरू करतो, शिंपिणीच्या दारावरून थेट वरच्या टोकापर्यंत. माझी काठी ऐकू आल्याशिवाय ती शिंपीण मशीनला हात लावत नाही. लोक त्यावर घड्याळ लावतात.

लेक : आणि काय वाजतं?

बाबा : भरीव. कितीदा सांगू? पूर्वी, खाण चालू होती तेव्हा, विहिरीपासून शिंपिणीच्या दारापर्यंत पोकळ वाजायचं. साहजिक आहे. खाणीतली वरची वाट, गॅलरी म्हणायचो आम्ही, तिथूनच जाते, फार खोल नाही, दोन पुरुष खाली. कंपनी गेली आणि पुढं दोन-तीन वर्षांत आवाज बदलला. भरीव झाला. गॅलरी बुजली. छताची माती खाली बसली, घट्ट झाली. डोंगरानं आपली भूक आपणच भागवली.

लेक : बुजलेली नाही ती.

बाबा : मग काठी खोटं बोलते का?

लेक : काठी खरंच बोलते. आत्या, ही तुझी दोन पिंपं भरलेली आहेत ना?

आत्या : आहेत. आणि कुणी पोचा पाडलात तर याद राखा, सांगून ठेवते.

लेक : बाबा, हे ठोका. आता ते. डोळे मिटून ठोका, नेहमी मिटता तसे.

बाबा : हे काय पोरखेळ चाललेत.

लेक : माझ्यासाठी.

बाबा : हं. हे भरीव. हेही भरीव. झालं समाधान?

लेक : एकात पाणी आहे, एकात गहू. कशात काय?

बाबा : ते... थांब. पुन्हा ठोकतो. हे पाणी असावं. नाही, हे. अगं, पिंपाचा पत्राच मधे येतो. आणि काठी भरीव-पोकळ सांगते. आत काय भरलंय ते सांगायचं तिचं काम नाही.

लेक : तेवढंच म्हणायचंय मला. कंपनी गेली तेव्हा पंप बंद झाले. पंप होते तोवर खाणीतलं पाणी उपसलं जात होतं. बंद झाल्यावर ते कुठं जाणार? चढत चढत वरच्या गॅलरीत आलं, छताला टेकलं. माती नाही बसली आत. पाणी भरलं. म्हणून भरीव वाजत होतं.

आत्या : म्हणजे इतकी वर्षं आम्ही पाण्यावर झोपतोय?

लेक : हो.

बाबा : बरं, पाणी तर पाणी. आत काहीतरी भरलं ना? छताला टेकू मिळाला. मग तुझं दुखणं काय आहे?

लेक : टेकू मिळाला होता, बाबा. खरंच मिळाला होता. आत्या, विहिरीतून बादली ओढतेस, ती जड कधी लागते?

आत्या : आता ही माझी परीक्षा. अगं, पाण्यात असते तोवर बोटानं उचलावी. पाण्याच्या वर आली की खांदा निखळतो.

लेक : आपल्या गल्लीचं छत पाण्यातल्या बादलीसारखं होतं. आता पाणी उतरतंय. खाली नवीन रस्त्यासाठी बोगदा खणतायत ना, त्यांनी खाणीतलं पाणी बाहेर सोडायची जुनी, बुजलेली मोरी फोडली. कुणाला माहीतच नव्हतं ती तिथून जाते. महिनाभर पाणी हळूहळू जात होतं. या आठवड्यात मी मोजते त्या बोअरमधलं पाणी रोज हातभर खाली जातंय.

आत्या : तरीच. मी म्हटलं, पाऊस नाही पाणी नाही आणि ओढा गढूळ कसा. मला वाटलं, वर कुणी गाड्या धूत असेल.

बाबा : अक्का, तू लगेच हिची री ओढू नकोस. पाणी गेलं तर गेलं. पाणी नव्हतं तेव्हाही छत उभं होतंच की. मी त्या छताखालून चाललोय.

लेक : तेव्हा खांब होते.

बाबा : होते की.

लेक : बाबा, शेवटच्या वर्षी खांब कापले ना त्यांनी?

बाबा : कापले. खांबांतही शिसं होतंच. मालाच्या मधे मधे दगडाचे खांब सोडायचे, छत त्यांवर. जाताना मागं मागं सरकत तेही काढून न्यायचे. सगळ्या खाणींत तसंच करतात. शेवटी कोण राहणार असतं आत?

लेक : वर आपण राहत होतो.

बाबा : काही खांब सोडले होते. चांगले जाड.

लेक : तो दगड चुनखडीचा आहे. वरचा पाटीचा दगड पाण्याला दाद देत नाही, पण चुनखडी पाण्यात झिजते. इतकी वर्षं भिजत पडलेत ते खांब. आज त्यांची जाडी काय उरली असेल, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. आत उतरून बघायची कुणाची छाती नाही.

आत्या : मी एक विचारू का? दादासाहेब, सकाळी विहिरीपाशी एवढा वेळ काय करत होतास?

बाबा : कुठं एवढा वेळ?

आत्या : मी खिडकीतून बघत होते. रोज तिथं दोन ठोके घालतोस आणि पुढं जातोस. आज ठोकलंस, मग मान वाकडी केलीस, मग परत ठोकलंस. मग इकडंतिकडं बघितलंस, चोरानं बघावं तसं, आणि घरी आलास.

बाबा : कानात मळ झालाय माझ्या.

आत्या : मग मळ काढू का तेल घालून? की कानच उपटून हातात देऊ?

बाबा : काठी दे इकडं. मी पुन्हा एकदा बघून येतो.

लेक : मी येते बरोबर.

बाबा : नको. मला एकट्याला ऐकू दे. आणि त्या खिडकीत दोघी डोकी काढून बसू नका. लोकांना वाटेल, सर्कस आलीय.

आत्या : गेला. बस आता घटकाभर. हात किती गार पडलेत तुझे.

लेक : आत्या, ते ऐकतील का गं?

आत्या : काठीचं ऐकेल. तुझं-माझं नाही ऐकणार, पण काठीचं ऐकेल. माझी काळजी वेगळीच आहे.

लेक : कसली?

आत्या : उद्या हा म्हणाला, छत वाईट आहे, तरी हा निघणार नाही. सगळ्यांना घालवून मग निघेन म्हणेल. ठोक्या पहिला आत, शेवटी बाहेर. खाणीतली रीत आहे ती.

लेक : खाण बंद पडून किती काळ लोटला, आत्या.

आत्या : याच्या डोक्यातली कुठं बंद पडलीय? सिनेमाला गेलो तर सगळं थिएटर रिकामं होईपर्यंत हा खुर्चीत बसून. झाडूवाला येऊन म्हणायचा, काका, उठा. बसमधनं शेवटी उतरतो, दोनदा पुढच्या स्टॉपवर गेलाय. तुझी आई म्हणायची, मरणाच्या दारातही हा म्हणेल, आधी तुम्ही व्हा पुढं. झाली बिचारी पुढं.

लेक : हे आबांमुळे ना? मला कधी कुणी नीट सांगितलं नाही. आबांनी खाण सोडली, एवढंच माहीत आहे.

आत्या : सोडली नाही. पळाले. माझा बापही ठोक्याच होता. त्या दिवशी पाळी आत होती. आबांनी छत ठोकलं, काठी टाकली आणि एक शब्द न बोलता सुटले बाहेर. सगळ्यांच्या आधी. पाठोपाठ छत आलं. तुझा आतोबा आत राहिला. वर्ष नव्हतं झालं आमच्या लग्नाला.

लेक : तो इथंच आहे ना? या गल्लीखाली?

आत्या : वरच्या टोकाला. तोंड बांधून टाकलं त्या वाटेचं. मग गल्लीनं आबांना वाळीत टाकलं. दुकानात गेले की दुकानदार पाठ करायचा. मुलं मागून ओरडायची, ठोक्या पळाला, ठोक्या पळाला. तुझ्या बापानं हे सगळं लहानपणी पाहिलंय. म्हणून मोठा झाल्यावर तशीच काठी हातात घेतली आणि आयुष्यभर शेवटी बाहेर आला. घराण्याचं कापलेलं नाक परत चिकटवत बसला.

लेक : आणि तू? तुला राग नाही आला आबांचा?

आत्या : माझा तर नवरा गेला होता. मी गल्लीच्याही पुढं होते शिव्या द्यायला. आला बघ. चालण्यावरनं कळतंय, बरं नाही वाजलं.

बाबा : अक्का, पाणी दे.

आत्या : बस आधी. घाम बघ किती आलाय.

लेक : बाबा?

बाबा : विहिरीपासून शिंपिणीच्या दारापर्यंत. पुढंही थोडं.

लेक : पोकळ?

बाबा : पूर्वीसारखं पोकळ नाही. पूर्वी जाड दगड वाजायचा, खाली खोली असली तरी वरचा दगड जाड आहे हे कळायचं. आता पातळ वाजतंय. भाकरीचा पापुद्रा सुटतो ना, तसं. खालून दगड सुटून पडलेला आहे. सकाळीच मला शंका आली होती. म्हटलं, कान म्हातारे झाले.

आत्या : झालं तर मग. मी गॅस बंद करते. निघू या.

बाबा : तुम्ही दोघी निघा. मी गल्लीला सांगतो. शिंपिणीपासून सुरू करतो, तिच्या घरात बातमी गेली की वेगळी दवंडी नको.

लेक : बाबा, मी—

बाबा : तू मागं हो खिडकीतनं. शिंपीणबाई, ए शिंपीणबाई, मशीन थांबव जरा.

शिंपीण : काय मामा, आज दुसरी फेरी? सकाळची पचली नाही वाटतं.

बाबा : नीट ऐक. सामान राहू दे. पोरीला घे, आणि खाली शाळेत जा. जाताना दोन्ही बाजूच्या घरांत सांग. मी ठोकून आलोय. छत बरं नाही.

शिंपीण : तुमची लेक आलीय ना? पाहिलं मी तिला घाईघाईनं येताना.

बाबा : तिचा काही संबंध नाही यात.

शिंपीण : नसेल हो. पण सरकारी नोकरी आहे तिची, वरून सांगितलं असेल तिला, गल्ली रिकामी करून द्या. ते बोगदेवाले परत खाण उघडणार म्हणतात. बापानं लेकीचा शब्द नाही राखायचा तर कुणी राखायचा? आम्हाला काही राग नाही मामा.

बाबा : मी तुला खोटं सांगेन का?

शिंपीण : तसं नाही. बरं, तुम्ही कधी निघणार?

बाबा : सगळी गेल्यावर. शेवटी.

शिंपीण : बघा, म्हणजे आहात ना अजून घरात? माझ्या सासूबाई म्हणायच्या, ठोक्या आत आहे तोवर झोपावं खुशाल. चला, मला संध्याकाळपर्यंत दोन पडदे द्यायचेत. आणि मामा, ऊन फार आहे, टोपी घालत जा.

आत्या : ऐकलंस?

बाबा : दुसऱ्या घरी जातो.

आत्या : जा. तिथंही हेच ऐकशील. दहा घरं हिंड, दहा ठिकाणी विचारतील, तुम्ही कधी? आणि तू म्हणशील, शेवटी. ते म्हणतील, मग आम्हीही शेवटी. सगळी गल्ली एकमेकांना आधी तुम्ही, आधी तुम्ही करत बसेल, पाहुण्यांनी ताटावर करावं तसं.

लेक : बाबा, तुम्ही आधी निघा. तुम्ही निघालात तरच ते निघतील.

बाबा : मी नाही निघणार आधी.

लेक : का पण?

बाबा : तू विचारू नकोस, तुला कळायचं नाही.

आत्या : कळलंय तिला. मी सांगितलंय सगळं.

बाबा : कशाला सांगितलंस? मग तूच बोल अक्का. तुला तर माहीत आहे. आपल्या बापाला या गल्लीनं जिवंतपणी जाळलं. मला शाळेत बाकावर कुणी शेजारी बसू देत नव्हतं. आज मी सगळ्यांच्या पुढं धावत सुटू? म्हणतील, खाण तशी माती. बापाच्या वळणावर गेला.

आत्या : म्हणू देत.

बाबा : तू म्हणतेस हे? तुझा माणूस आत राहिला.

आत्या : म्हणूनच म्हणते. तू मला एक सांग. आबांच्या मागून बाहेर कोण कोण आलं होतं?

बाबा : आता ते कशाला उकरतेस?

आत्या : सांग ना. नाही सांगत, कारण तेवढं कुणी बोलत नाही. या शिंपिणीचा सासरा आला. तेव्हा लग्न नव्हतं झालेलं त्याचं. तो वाचला म्हणून तिचा नवरा जन्माला आला. वरच्या घरातले दोघे भाऊ आले. लोहार आला. मी त्या लोहाराला पुढं कितीतरी वर्षांनी विचारलं, तू कसा रे वाचलास? तो म्हणाला, वहिनी, आम्हाला कुणी काही सांगितलं नाही. आम्हाला फक्त ठोक्याची पाठ दिसली. ठोक्या शेवटी निघतो, तो पुढं पळताना दिसला म्हणजे विचारायला थांबायचं नसतं. आम्ही पळालो.

बाबा : आणि दाजी?

आत्या : तुझे दाजी थांबले. हसत होते म्हणे. सासरेबुवा घाबरले, असं म्हणाले. दोन-चार जण त्यांच्याबरोबर हसत उभे राहिले. काठी उचलायला गेले होते, आबांना नेऊन द्यायला. अरे, तेवढा भित्रा नवरा मला मिळाला असता ना, तर आज माझ्याही घरात चार नातवंडं धुडगूस घालत असती. मी जन्मभर चुकीच्या माणसाला शिव्या दिल्या. ओरडून सांगायला वेळ नव्हता आबांना. त्यांनी पाठ दाखवली. ज्यांनी पाहिली ती वाचली.

बाबा : हे तू मला कधी बोलली नाहीस.

आत्या : बोलून काय करू? तुझं शेवटी बाहेर येणं लोकांना आवडत होतं, तुलाही आवडत होतं. आणि खाण चालू होती. तेव्हा शेवटी येणारा माणूस लागतच होता.

बाबा : आणि नाही पडलं तर? आठ दिवसांनी मी परत आलो आणि गल्ली आहे तशी उभी असली तर?

लेक : तसं होऊ शकतं. मी खोटं नाही बोलणार. आज बसेल की महिन्यानं, की कधीच नाही, मला सांगता येत नाही. खात्यातही कुणाला येत नाही. पोलिसांना घेऊन येऊ म्हणतात सोमवारी. मला सोमवारपर्यंत झोप लागणार नाही, बाबा. मला फार भीती वाटतेय. मला तुम्ही हवे आहात.

बाबा : रडू नकोस.

लेक : रडत नाहीये.

बाबा : मग नाक कशाला ओढतेस? अक्का, गादी गुंडाळ.

आत्या : गादी? ही म्हणाली, दोन कपडे घ्या.

बाबा : पिशवी घेऊन माणूस बाजारातही जातो. डोक्यावर गादी असली की लांबून कळतं, हा परत येत नाही. सुतळीनं बांध. घट्ट.

लेक : आणि काठी?

बाबा : काठी राहू दे भिंतीला. हातात काठी दिसली तर म्हणतील, तिसरी फेरी.

आत्या : काठीशिवाय तू संडासला जात नाहीस.

बाबा : म्हणून तर. आता ऐका दोघी. घरांच्या भिंतींना लागून चालायचं, गल्लीच्या मधून नाही. विहिरीकडून अजिबात नको. एकामागं एक, मधे अंतर ठेवून. पाय आपटायचे नाहीत. मी पुढं.

लेक : तुम्ही पुढं.

बाबा : हो बाई, मी पुढं. किती वेळा वदवून घेशील?

(गल्लीत. भर दुपार. बाबांच्या डोक्यावर गादी.)

आत्या : मान सरळ ठेव. चोरासारखा नको चालूस.

बाबा : गादी जड आहे.

आत्या : गादी नाही जड.

लेक : वरच्या घरातली माणसं दारात आली. एक जण हसतोय.

आत्या : हसू दे. तू चाल. हसून झालं की विचार करेल.

बाबा : काय म्हणाला तो?

लेक : काही नाही.

बाबा : मला ऐकू आलं. ठोक्या पळाला म्हणाला. अजून लक्षात आहे त्यांना.

आत्या : पाय उचल.

लेक : बाबा, शिंपिणीचं मशीन थांबलं.

बाबा : मला बघू नका म्हणावं, निघा म्हणावं.

आत्या : तू काही म्हणू नकोस. तुझं म्हणून झालंय. नुसता चाल.

शिंपीण : मामा? मामा, अहो, काठी कुठाय तुमची?

बाबा : घरी.

शिंपीण : विसरलात? मी आणून देऊ?

बाबा : नाही विसरलो. त्या घरात जाऊ नकोस.

शिंपीण : आणि ही गादी... तुम्ही तर शेवटी निघणार होतात.

बाबा : होतो.

शिंपीण : म्हणजे आता तुम्ही आधी?

बाबा : हो. मी आधी.

लेक : ती आत गेली.

बाबा : दार लावलं का?

लेक : नाही. उघडंच आहे. बाबा, थांबू या का जरा?

आत्या : थांबायचं नाही. तो थांबला की सगळे थांबतील. पाठ दिसू दे त्यांना.

लेक : त्या वरच्या घरातला हसायचा थांबला. आत ओरडतोय कुणाला तरी, म्हातारीला उठवा म्हणतोय. समोरच्यांनी पोरांना बाहेर काढलं. आली. शिंपीण आली बाहेर, पोर खांद्यावर आहे.

शिंपीण : मामा, मी आले. हिला झोपेतून तशीच उचलली. एक मिनिट थांबता का? गॅसवर दूध ठेवलंय, उतू जाईल. तेवढं बंद करून येते.

बाबा : जाऊ दे उतू. तू अशीच चल.